स्पंजाचं सोवळं

मुलीला वाढदिवसाला कुत्रं हवं होतं आणि आईला घरात चार पायांचं काही नको होतं. मासे या तडजोडीतून आले. ते भुंकत नाहीत, त्यांना फिरायला न्यावं लागत नाही. शिवाय आईचं म्हणणं, ‘‘जन्मभर पाण्यातच असतंय ते. त्याच्याएवढं स्वच्छ जनावर दुसरं कुठलं?’’

दोन फुटी काचेची टाकी, 50 लिटर पाणी, निळे खडे, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी आणि सहा गोल्डफिश. दुकानदार म्हणाला, ‘‘नीर भरा, मीन सोडा सर, मुगीतु!’’ मुगीतु म्हणजे संपलं. मला वाटलं, तो व्यवहाराबद्दल बोलतोय.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि सहाही मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. आई म्हणाली, ‘‘भूक लागलीय बघ त्यांना. कसं आ करायलेत बिचारे.’’ मग काय, टाकीजवळून जाईल तो चिमूटभर दाणे टाकून पुण्य पदरात पाडून घेऊ लागला. सकाळी मी, दुपारी आई, शाळेतून आल्यावर मुलगी, आणि ‘आज कुणीच घातलं नसेल’ असं समजून रात्री बायको. संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्यानेही दोनदा घातल्याचं नंतर उघडकीला आलं.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब लिहितो. जमा आणि खर्च याखेरीज मला जगातलं फारसं काही कळत नाही, पण टाकीतलं दुखणं निघालं नेमकं त्याच खात्यातलं. मासा अमोनिया सोडतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून, म्हणजे श्वासागणिक. न खाल्लेले दाणे खड्यांत कुजतात, त्यांचाही अमोनिया. नदीत असतं तर वाहून गेलं असतं. टाकीत सगळं जमेच्या बाजूला साठत जातं आणि खर्चाच्या बाजूला शून्य. मासे आ करत होते ते भुकेने नव्हे, त्यांचे कल्ले जळत होते. आणि आम्ही पुण्य करत होतो.

तपासणीचं किट कुरिअरने मागवलं. काचेच्या नळीत 5 मिली पाणी, एका बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ थेंब, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. जसजसं हिरवं होईल तसतसं वाईट. नळी सोबतच्या रंगीत पट्टीला लावून बघायची. आमची नळी 2 आणि 4 यांच्या बरोबर मध्ये येऊन थांबली. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसांना रेषेवरचा रंग कधी दाखवू नये. बायको म्हणाली दोन, मी म्हणालो चार. ट्यूबलाइटखाली वेगळा, दारात उन्हात वेगळा. शेवटी मुलीला आयोग म्हणून नेमलं. तिचा अहवाल एका बाजूने मान्य केला, दुसरीने फेटाळला. 1967 च्या महाजन आयोगापासून आमच्याकडे हीच रीत आहे.

पाणी बदलायचं तर तेही सरळ नाही. राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं, नळाचं पाणी क्लोरीन घेऊन येतं. ते माणसाला चांगलं, माशाला नाही. पण आमच्या मागच्या अंगणात आजोबांच्या काळची विहीर आहे, अजून आटलेली नाही. आधी तिचंच पाणी नळीत घालून तपासलं. स्वच्छ पिवळं! आई अशी बघत होती की विहीर तिनेच खणली. मग रोज संध्याकाळी फाउंड्रीतून आल्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी बिंदगीने पाणी ओढायचो. निम्मं पाणी बदललं की अमोनियाही निम्मा होतो, चाराचा दोन. हिशेबनिसाला यासारखं सुख नाही. सकाळी पुन्हा तीन. शिवाय विहिरीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजणारा आकडा, निघाला आठ. अमोनियातला खरा विषारी भाग पीएच सातला जेमतेम अर्धा टक्का असतो, आठला तो पाच टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे तेच कर्ज, पण व्याज दहापट.

दुकानदाराकडे गेलो. तो शांत. ‘‘ऊट कम्मी माडरी. आनी तडीरी सर.’’ खाणं कमी करा आणि थांबा. मी चिडलोच होतो, पण त्याचं खरं होतं. या सगळ्याचा निकाल लावणारे बॅक्टेरिया असतात. नायट्रोसोमोनास नावाची मंडळी अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. पण ही मंडळी आधी कुठे तरी बिऱ्हाड करायला हवीत. फिल्टरचा स्पंज ही त्यांची आवडती जागा. सगळं जमायला चार ते सहा आठवडे. आता वाट बघण्याच्या बाबतीत बेळगावच्या माणसाला कुणी शिकवू नये. थांबलो.

दोन मासे जास्वंदीखाली गेले. मुलगी एक दिवस जेवली नाही. पण तिसऱ्या आठवड्यात नळीचा रंग उतरू लागला. दोन. एक. मग अर्धा. त्या शनिवारी मी फाउंड्रीत सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

घरी आलो तर तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर काही तरी वाळत होतं. पांढरंशुभ्र, चौकोनी, उन्हात जवळजवळ चमकत होतं. मला वाटलं, बायकोने नवीन घासणी आणली. मग त्याच्या मधलं भोक दिसलं, आणि त्या भोकात बसणारी फिल्टरची नळी डोळ्यांसमोर आली.

आई पायरीवर शेंगा सोलत बसली होती. चेहऱ्यावर अपार समाधान. ‘‘काय ती घाण रे! काळं काळं गाळ निघालं. दगडावर आपटून सात पाण्यांनी धुतलं. साबण लावलं, मग ऊन दाखवलं. तुम्हा कुणाला दिसत कसं नाही?’’

तीन आठवड्यांचं सगळं गोकुळ मोरीतून वाहून गेलं होतं. मी काही बोललो नाही. ही बाई तांब्याचा बंब दर शनिवारी चिंच लावून घासते. दळून आणलेल्या पिठाचा डबासुद्धा बाहेरून पुसून मग आत घेते. तिच्या राज्यात तो स्पंज तीन आठवडे टिकला हेच नवल. रविवारी नळी पाहिली. चार. या वेळी रंगाबद्दल घरात एकमत होतं.

निपाणीला माझ्या वर्गमित्राकडे आठ वर्षांची टाकी आहे. फोन केला तर आधी पोट धरून हसला. ‘‘लेका, पन्नास लिटरला सहा गोल्डफिश? म्हशी बांधल्यास की काय? ये, माझा स्पंज अर्धा कापून देतो.’’ गेलो. त्याने कापून दिलेला तुकडा काळपट, बुळबुळीत आणि पावसाळ्यातल्या डबक्याच्या वासाचा होता. पिशवीत त्याच्याच टाकीचं थोडं पाणी. ताकीद दोन : सुकू द्यायचं नाही, आणि पिशवीचं तोंड आवळून उन्हात ठेवायचं नाही, त्यांना हवा लागते.

तर त्या उघड्या पिशवीसह निपाणी ते बेळगाव, सरकारी बस, खिडकीजवळची जागा. पहिल्या दहा मिनिटांत शेजारचे गृहस्थ उठून मागे गेले. कंडक्टर आला, नाक आखडून म्हणाला, ‘‘एनरी इदु?’’ मी म्हणालो, ‘‘बॅक्टेरिया.’’ त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘टिकीट?’’ मी म्हणालो, ‘‘एकच द्या. बाकी सगळे लहान आहेत.’’ संकेश्वरला एक मावशी मिरच्यांचं पोतं घेऊन चढल्या आणि ते त्यांनी थेट माझ्या पायाशी ठेवलं. संकेश्वरी मिरचीची ख्याती मी सांगायला नको. हत्तरगीपर्यंत मी शिंकत होतो आणि प्रत्येक शिंकेला पिशवीवर हात धरत होतो. मावशींनी शेवटी विचारलंच, ‘‘बाळा, पेशंटचं काय आहे का त्यात?’’ मी मान हलवली. एका अर्थी होतंच. काकतीपर्यंत त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही, पोतं मात्र पलीकडे सरकवलं.

घरी आई दारातच. पिशवीत डोकावली. मी तयारीनेच आलो होतो. कागद काढून बाण काढले, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. ती थोडा वेळ ऐकून घेत राहिली.

‘‘म्हणजे विरजण आणलंस,’’ ती म्हणाली.

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

‘‘मग आधी सांगायचं की! विरजण कुणी धुतं काय?’’ आणि जरा थांबून, ‘‘पण दही तर एका रात्रीत लागतं. ह्याला महिना कशाला?’’

‘‘हे फार सावकाश वाढतात गं. दुप्पट व्हायलाच दिवस-दिवस जातो.’’

‘‘सरकारी दिसतात.’’

त्या दिवसापासून टाकी तिच्या ताब्यात आहे. मासे दिवसातून एकदाच जेवतात, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. दूधवाल्याला टाकीपासून चार हात लांब उभं राहावं लागतं. मधे नायट्राइट चढलं तेव्हा मी किंचित मीठ घालतात म्हणालो, तर तिने खडेमीठ ताजव्यात तोलून घातलं. स्पंजाचं तर सोवळंच झालंय. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळायचा, तोही तिनेच. बायको एकदा नळाखाली धरायला गेली तर आई देवघरातून ओरडली, ‘‘शिवू नको!’’ नळी गेले दोन महिने पिवळी आहे. चारही मासे माजलेत.

परवा कामावरून आलो तर आई कात्रीने स्पंजाचा कोपरा कापत होती. गल्लीच्या टोकाच्या मामींच्या नातवाला टाकी आणलीय म्हणे, आणि त्यांचंही पाणी पांढरं झालंय. तिने स्टीलच्या वाटीत टाकीचं पाणी घेतलं, त्यात तो काळा तुकडा ठेवला, वर बशी झाकली आणि मुलीच्या हातात दिली. ‘‘सांग त्यांना, विरजण पाठवलंय म्हणून. आणि धुवू नका म्हणावं.’’

काल वाटी परत आली. रिकामी वाटी परत करायची नाही ही आमच्याकडची पद्धत, त्यामुळे वाटीत काठोकाठ कुंदा होता, ताजा, तुपाने चकचकणारा. मी मामींना फोन करून विचारलं, वाटी धुतली होती का. त्या म्हणाल्या, ‘‘छे हो, तुमच्या आईंनी मुद्दाम निरोप दिला होता ना, धुवू नका म्हणून.’’