सरासरीत न दिसणारी रात्र

डोकं फिरलंय आज. शेजारच्या मेक्सिकन आजींना घेऊन डॉक्टरकडे गेले होते. त्यांना मधुमेह आहे. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ७.१. "व्हेरी गुड!" म्हणाले आणि विषय संपला.

अहो, गुड कसलं? परवा रात्री याच आजी घामाने चिंब होत्या, हात थरथरत होते, स्वतःच्या नातीला ओळखत नव्हत्या. मीटरवर साखर फक्त ४८! इन्सुलिन टोचून घेतलं आणि जेवण राहून गेलं. संत्र्याचा रस पाजला तेव्हा हळूहळू माणसात आल्या.

तो ७.१ म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी. ४८ आणि २६० यांचीही सरासरी १५४ येते, दिसायला झकास. पण मेंदू सरासरीवर चालत नाही. साखर एकदम खाली गेली की तो उपाशी पडतो, सतत चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात.

आमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्याच परिसरात १९९८ पासून साठीपुढच्या १,७८९ लॅटिनो लोकांचा अभ्यास झालाय. मधुमेह असलेल्यांत डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका जास्त दिसला. म्हणजे हे इथल्या डॉक्टरांना नवीन नाही. चढउतारांमुळेच स्मृती जाते असं ठामपणे सिद्ध नाही, बरं, मान्य. उलटंही होतं, विसर पडला की इन्सुलिन दोनदा टोचलं जातं. मग तर जास्तच विचारायला हवं ना?

विचारलं काय, तर टॉर्टिया किती खाता! उभी हयात टोमॅटोच्या शेतात राबलेली बाई, तिला जेवणावरून बोलणं ऐकवायचं. दुभाषी कोण? शाळकरी नात. त्या रात्रीचं सांगताना तिचा आवाज फुटला, तर "वयात असं होतं" म्हणाले. डॉक्टरांना वेळ कमी असतो, ठीक आहे. पण "रात्री शुगर लो होते का?" हा प्रश्न किती मोठा आहे?

परतताना गाडीत आजींनी माझा हात धरला. मला घरी ठेवशील ना, म्हणाल्या. त्यांना सगळं कळतंय हो.

मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, २०२३ पासून इन्सुलिन घेणाऱ्या सगळ्यांसाठी सतत साखर मोजणाऱ्या, दंडावर लावायच्या सेन्सरचा बराचसा खर्च उचलतं, चिठ्ठी मात्र डॉक्टरचीच लागते. सोमवारी फोन करतेय: सेन्सर लिहून द्या, रात्रीचा डोस पुन्हा बघा आणि स्पॅनिश दुभाषी द्या, नात नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांना सेन्सर आहे? साखर खाली गेल्याचा रात्रीचा अलार्म कितीवर लावलाय, सांगाल?