निवेदिका का हसते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रेडिओवरच्या विनोदवीरांच्या मुलाखतींवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. पाहुण्याच्या विनोदावर निवेदिकेने हसणं ही एक पद्धत आहे, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत. विविध भारती १९५६ साली सुरू झाली असं मी लिहिलं होतं. ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता तुमचं ते वाक्य: "पाहुण्याच्या प्रत्येक वाक्याला खिदळणारी निवेदिका म्हणजे निव्वळ लाचारी, घरबसल्या रेडिओ ऐकणाऱ्यांनी त्याला पद्धत म्हणू नये." मत वेगळं असेल तर जरूर असू द्या. पण ‘खिदळणारी’? ‘लाचारी’? समोर बसला असतात तर हे शब्द तोंडातून निघाले असते का? आणि ‘घरबसल्या’ म्हणण्याआधी निदान विचारायचं तरी. आकाशवाणीच्या एका केंद्रावर मी अकरा वर्षं नैमित्तिक निवेदिका होते. महिन्याला जेमतेम सहा ड्यूट्या मिळायच्या, पण एकही चुकवली नाही.

सुरुवातीच्या दिवसांत एकपात्री करणारे एक ज्येष्ठ कलाकार आले होते. थेट प्रसारण. नाट्यगृहात हमखास हशा पिकवणारी जागा आली आणि सवयीने ते थांबले. मुलाखत घेणाऱ्याने मध्ये यायचं नाही, ही तुमचीच समजूत तेव्हा माझीही होती. मी ओठ मिटून हसले. काचेपलीकडे इंजिनिअर खांदे गदगदवून हसत होते, पण तिकडचा आवाज स्टुडिओत येत नाही. पाहुण्यांनी काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा किस्सा निम्म्यातच गुंडाळला. घरी ऐकणाऱ्यांना काय मिळालं? पडलेला विनोद आणि त्यामागची शांतता.

नंतर ड्यूटी रूममध्ये एक ज्येष्ठ निवेदक म्हणाले, "अगं, त्यांचं थिएटर तूच होतीस. मोकळेपणी हस, फक्त मान माइकपासून वळव." मान वळवली नाही तर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात जातो आणि पाहुण्याचं पुढचं वाक्य आपल्या हसण्याखाली बुडतं. कधी हसायचं, किती हसायचं, कधी आवरायचं, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. त्याला तुम्ही लाचारी म्हणता.

मुलाखत घेणाऱ्याने गप्पच राहावं यासाठी बीबीसीचा दाखला देताना तरी नीट द्यायचा. रेडिओ ४ वरच्या ‘चेन रिअ‍ॅक्शन’मध्ये एका भागातला पाहुणा पुढच्या भागात मुलाखतकार व्हायचा, हे खरं. पण तो कार्यक्रम प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित व्हायचा. हशा सभागृहातून यायचा, म्हणून मुलाखत घेणाऱ्याला गप्प राहणं परवडायचं. आमच्या बंद खोलीत तो कुठून आणायचा?

प्रश्न आधी ठरलेले असतात, हा तुमचा दुसरा आक्षेप. असतात, त्यात काय बिघडलं? किस्सा मला ठाऊक असतो, तरी "एसटीत काय झालं होतं तेव्हा?" असं मी विचारते, कारण श्रोत्याला तो ठाऊक नसतो. खरा अपराध आहे तो "एखादा विनोद सांगा ना" म्हणण्याचा. त्यावर मी लेखात आख्खा परिच्छेद लिहिलाय, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही.

तुम्ही मध्येच आणलेल्या एफएमवरच्या जाहिराती आणि आरजेंची धेडगुजरी मराठी हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘खिदळणारी’ तेवढं मागे घ्या.