पुन्हा आलं का?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरून येतो: आमच्या वेळी घरात पंधरा माणसं होती, डिप्रेशनला शिरायला जागाच नव्हती! २०२४-२५च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत जवळची कौटुंबिक नाती आणि मनाचं आरोग्य यांची सांगड घातली गेली, तेव्हापासून तर दादाच्या हाती सरकारी शिक्काच आलाय. "एकटी राहून राहिली तू तिकडे, म्हणून होते हे." दादा माझा चुलत भाऊ. माणूस सोन्यासारखा, पण इथे साफ चुकतो.

कारण माझं हे मनाचं दुखणं इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये सुरू झालेलं नाही. नागपुरात महाल भागातल्या घरात, अकरा माणसांत, सोळाव्या वर्षी, मे महिन्यात सुरू झालं. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत कूलर बंद ठेवता येत नाही आणि कूलरला करंट येतो ही भीतीही खोटी नव्हे. उन्हाळ्यात पेपरात तशी बातमी येतेच. धाकटी भावंडं कूलरसमोर गाद्या टाकून झोपायची. कुणाचा पाय लोखंडी बॉडीला लागत नाही ना, हे एकदा उठून पाहणं शहाणपणाचंच. मी रात्रीतून वीसदा उठायचे. पाय हातभर लांब दिसायचे, पटायचंही, आणि अंथरुणाशी परत पोचेपर्यंत वाटायचं, पाहिलं खरं, पण नीट पाहिलं का? मग मोठी आई उठायची. "लांब आहेत पाय सगळ्यांचे, झोप बाई." तेवढ्यावर रात्र निभायची.

यात कुणाला आजार दिसला नाही. दहादा हात धुणारी आत्या 'सोवळ्याची', आणि मी 'फार काळजी करणारी'. तीच शंका पुन्हा पुन्हा येऊन तेच तेच करायला लावणाऱ्या या आजाराला, ओसीडीला, मराठीत मंत्रचळ असा नेमका शब्द आहे, पण आमच्याकडे तो फक्त चिडवायला वापरायचे. काही वर्षांनी त्याच्यामागून नैराश्य आलं, गेलं, परत आलं.

मनाचा डॉक्टर म्हटलं की नागपूरकराला एकच पत्ता आठवतो, पागलखाना चौक. १८६४ पासूनच्या त्या रुग्णालयाचं नाव आज प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण ऑटोवाल्याला ते सांगून पाहा. गंमत म्हणजे ताजबागेत जाऊन आमच्या घरचे नवस बोलून येतात, त्या ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये याच पागलखान्यात टाकलं होतं आणि ते सोळा वर्षं तिथे होते. दर्ग्यावर जायची कुणाला लाज नाही. धंतोलीतल्या डॉक्टरकडे नेताना मात्र आईने मला तोंडाला स्कार्फ बांधायला लावला. उन्हाळा होता, कुणाला वावगंही वाटलं नाही.

इंग्लंडमध्ये स्कार्फ सुटला, हे मान्य करायलाच हवं. सरकारी खर्चाने समुपदेशन देणारी योजना इथे २००८ पासून आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आपलं नाव आपण नोंदवू शकतो. सात दिवसांपर्यंतच्या आजारी रजेला डॉक्टरचा कागद लागत नाही. "नैराश्य परत आलंय" असं मी मॅनेजरला सांगितलं, तेव्हा तिने फक्त कोणतं काम दुसऱ्याकडे द्यायचं तेवढं विचारलं. दादाच्या मेसेजमध्ये हे कुठेच बसत नाही.

पण इथे सगळं मोजतात. दर भेटीआधी प्रश्नावल्या: नैराश्याचे नऊ प्रश्न, २७ पैकी गुण, चिंतेचे सात, २१ पैकी. पहिलीत दहाच्या खाली आणि दुसरीत आठच्या खाली आलात की हिशेबात तुम्ही बरे. अशी मी तीनदा बरी झाले आहे. चौथ्यांदा गेले तेव्हा समोर नवीन मुलगी, नवीन फॉर्म, आणि "हे कधीपासून होतंय?" हा प्रश्न. मी परत कूलरपासून सुरुवात केली. लेस्टरच्या मुलीला कूलर समजावण्यात दहा मिनिटं गेली. घरी "पुन्हा आलं का?" असं वैतागून विचारतात. इथे प्रत्येक खेप पहिलीच. धंतोलीत माझी फाइल आहे, कोपरे झिजलेली. सुट्टीत गेले की त्याच दिवशी नंबर लागतो, मिळतात जेमतेम सात मिनिटं, पण डॉक्टरांचं पहिलं वाक्य असतं, "मागच्यासारखंच, की यावेळी वेगळं?" येणाऱ्या-जाणाऱ्या आजाराला या प्रश्नाची किती किंमत असते ते त्या ग्रुपवर कसं सांगू?

आणि तरी मला सावरलं ते इथेच शिकलेल्या गोष्टीने. शेगडी एकदा बंद करायची, निघायचं, मागे वळायचं नाही. जीव घाबरा झाला तर होऊ द्यायचा. चढलेली भीती हळूहळू आपणच उतरते. आणि कुणाला विचारायचं नाही. "बंद आहे ना?" ला मिळालेलं "हो" हे पुन्हा एकदा तपासण्यासारखंच, क्षणभर बरं वाटतं आणि चक्र चालू राहतं. म्हणजे मोठी आईचं "लांब आहेत पाय" माझ्या आजाराला खतपाणी घालत होतं. दादाला द्यायला याहून कडू उत्तर नव्हतं. घरात माणसं होती, म्हणून तर आजार इतका छान पोसला गेला! ग्रुपवर टाईप केलं आणि खोडलं.

मोठी आईला मात्र गेल्या दिवाळीत समोर बसून सांगितलं. ती पंच्याहत्तरची.

"म्हणजे तू विचारलं तरी मी सांगायचंच नाही?"

"नाही."

"आणि रडली तर?"

"नुसतं बसून राहायचं."

तिला ते पटलेलं दिसलं नाही.

जानेवारीत परत आलं. इथली तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. एका रात्री अकराला मी स्वयंपाकघराच्या दारातच बसून होते. तिथे पहाटेचे साडेचार, तिची उठायची वेळ. फोन लावला.

"मोठी आई, गॅस बंद असेल ना गं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही.

"मला काय माहीत बाप्पा," ती म्हणाली. "मी नागपुरात आहे."

मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, कप काढल्याचा. फोन तिने ठेवला नव्हता.