"सायबरपंक शेवटी सुधारला ना, मग रडता कशाला?"

परवापासून तीन ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. तिच्यात म्हणलंय की गेम म्हटला की बग (प्रोग्रॅममधल्या चुका) आलेच, सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या सायबरपंक 2077 या व्हिडिओ गेमला लाँचला सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि आज तोच गेम लोक डोक्यावर घेऊन नाचतात, पॅच (दुरुस्तीचे अपडेट) कंपनीने फुकट दिले, प्री-ऑर्डर करून आधीच पैसे भरले ही तुमची हाव, आणि रिफंड मागणारे बिचाऱ्या डेव्हलपरांच्या पोटावर पाय देतात. खाली सगळे "एकदम बरोबर भावा". मला स्वतःला हा गेम जाम आवडतो, म्हणूनच पोस्ट जास्त खटकली.

"बग सगळ्याच गेममध्ये असतात." असतात की, नाही कोण म्हणतंय. बाइकवर माणूस हात पसरून पुतळ्यासारखा उभा दिसला तर हसून सोडून देतो आपण. पण 10 डिसेंबर 2020 ला साध्या पीएस4 वर, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या सोनीच्या जुन्या कन्सोलवर, जे आलं ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, समोरचा माणूस बोलायला लागायचा आणि त्याचा चेहरा अजून मेणाच्या गोळ्यासारखा, रस्ते रिकामे, आणि ऐन गोळीबारात गेम बंद होऊन निळ्या स्क्रीनवर एरर कोड. पीसीवाल्यांचं तर अजून भारी, सेव्ह फाइल 8 एमबीच्या वर गेली की खराब व्हायची, आणि कंपनीकडून सल्ला काय, तर सामान कमी बाळगा! आरपीजीमध्ये (पात्र घडवत, सामान जमवत खेळायच्या गेममध्ये) सामान कमी बाळगा म्हणजे लग्नात जेवू नका म्हणण्यासारखं झालं. ते नंतर हॉटफिक्सने (तातडीच्या छोट्या पॅचने) नीट केलं, मान्य.

पण माझं भांडण बगशी नाहीच. आंब्याची पेटी घेताना दुकानदार वरचा थर दाखवतो, पिवळाधमक, वास सुटलेला, आणि तुम्ही पेंढ्यात हात घालून खालचं फळ चाचपायला गेलात की म्हणतो राहू दे साहेब, माल हलवू नका. इथे डिट्टो तेच झालं. लाँचच्या आधी रिव्ह्यूवाल्यांना फक्त पीसीची कॉपी दिली, पीएस4 आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलची दिलीच नाही, आणि वर अट अशी की स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायचा नाही, कंपनीने दिलेलाच वापरायचा. नोव्हेंबरमध्ये कंपनीचे प्रमुख अ‍ॅडम किचिन्स्की गुंतवणूकदारांना सांगत होते की जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. लाँचनंतर चार दिवसांनी त्यांनीच कबूल केलं की जुन्या कन्सोलसाठी अजून वेळ लागणार याचे इशारे आम्ही कानाआड केले. म्हणजे पेंढ्याखाली काय आहे याची कुणकुण आत होतीच ना राव.

आता यात "प्री-ऑर्डर केली ही तुमचीच चूक" कसं बसवायचं ते मला सांगा. 80 लाख लोकांनी आधी पैसे भरले कारण विचर 3 हा गाजलेला गेम बनवणाऱ्या कंपनीवर विश्वास होता आणि डब्यावर पीएस4 असं ठळक छापलेलं होतं. मी पण म्हणतो प्री-ऑर्डर करू नका, पण खिसा सांभाळला नाही म्हणून खिसेकापू निर्दोष सुटत नाही.

"डेव्हलपरांच्या पोटावर पाय." हे वाचून तर हसावं की रडावं. जानेवारी 2021 मध्ये सहसंस्थापक मार्चिन इविन्स्की यांनी व्हिडिओत येऊन माफी मागितली तेव्हा त्यांनीच सांगितलं की टीमला दोष देऊ नका, रिलीजचा निर्णय माझा आणि बोर्डाचा होता. याच कंपनीने क्रंच (रिलीजआधीचं सक्तीचं जादा काम) लादणार नाही असा शब्द देऊन सप्टेंबर 2020 पासून सहा दिवसांचा आठवडा करायला लावला होता. डेव्हलपर आणि गिऱ्हाईक एकाच बाजूला आहेत हो, पलीकडे तारीख ठरवणारे बसलेत.

"कंपनीला शिक्षा झालीच की." थोडी झाली. सोनीने 18 डिसेंबरला गेम स्टोअरवरून काढला तो जून 2021 मध्ये परत आला, रिफंडही दिले. पण तोवर 2020 च्या उरलेल्या तीन आठवड्यांतच 1 कोटी 37 लाख कॉप्या खपल्या होत्या. आणि अमेरिकेत केस होऊन जी 18.5 लाख डॉलरची तडजोड झाली ना, ती शेअरहोल्डरांची केस होती, गेम घेणाऱ्यांची नाही!

"तक्रार करून काही होत नाही" असंही कोणीतरी खाली लिहिलंय. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने 2014 मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं, रिफंड देणार नाही हा नियमच बेकायदेशीर म्हणून, आणि 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड लावून घेतला. केस चालू असतानाच, जून 2015 मध्ये, स्टीमने जगभर रिफंड चालू केला. आज तुम्ही दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता ना, तो नियम तेव्हाचा. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित प्रथा धरलीय, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला तर काहीच लागत नाही.

राहिला शेवटचा, सगळ्यांचा लाडका मुद्दा, "शेवटी सुधारला ना." कोणासाठी सुधारला? फेब्रुवारी 2022 ला 1.5 हा पॅच आला, बरं वाटलं. सप्टेंबर 2022 चा 1.6 हा पीएस4 आणि एक्सबॉक्स वनसाठी शेवटचा मोठा पॅच. ज्या 2.0 चं एवढं कौतुक चालतं, ज्यात पोलीस गाडी घेऊन पाठलाग करायला लागले, स्किल ट्री (पात्राची कौशल्यं वाढवायची रचना) नव्याने बांधला, तो सप्टेंबर 2023 ला आला तो फक्त पीसी आणि नव्या कन्सोलवर. फँटम लिबर्टी या गेमच्या जोडभागाचंही तेच. म्हणजे लाँचला ज्यांच्या पदरात सगळ्यात कच्चा माल पडला त्यांच्याच वाट्याला सुधारलेला गेम आला नाही, तो हवा असेल तर आधी नवं मशीन घ्या. 2020 मध्ये सायबरपंकच्या नावाचा, त्याच डिझाइनचा खास एक्सबॉक्स वन एक्स विकला होता, आठवतोय? त्या कन्सोलवर फँटम लिबर्टी चालत नाही.