वाईट दिसतं म्हणून न मागितलेले बिल

आज शाळा सुटल्यावर एका सहकारी मैत्रिणीबरोबर मोबाईलच्या दुकानात गेले होते. तिला आईसाठी वापरलेला, सात-आठ हजारांपर्यंतचा फोन हवा होता. दुकानदाराने काचेखालून एक फोन काढला, मऊ कापडाने पुसून तिच्या हातात दिला आणि बोलणी सुरू झाली. मी मध्येच विचारले, "याचं मूळ बिल आणि खोका आहे का? आणि जरा *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक दाखवता का?" (आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक.) दुकानदाराचा चेहरा उतरला नाही, चढला. "मॅडम, आम्ही चोरीचा माल विकतो असं वाटतं का तुम्हाला? विश्वास नसेल तर राहू द्या." मी काही बोलणार तोच मैत्रिणीने माझा दंड दाबला आणि हळूच म्हणाली, "अगं, असं काय विचारतेस? वाईट दिसतं." मग तिने साडेसात हजार रुपये मोजले, एका चिठोऱ्यावर 'जुना मोबाईल, गॅरंटी नाही' असे लिहून घेतले आणि आम्ही बाहेर पडलो. रिक्षात ती माझ्याशी फारशी बोलली नाही.

तेव्हापासून मी धुमसते आहे. तिच्यावर नव्हे, त्या 'वाईट दिसतं'वर. कारण हेच दोन शब्द मनात धरून २०२३ च्या जुलैमध्ये मी स्वतः असाच एक फोन घेतला होता.

मुलगा अकरावीत गेला होता, डोंबिवलीहून ठाण्याला लोकलने जाणार होता, आणि नव्या फोनला पैसे घालायची माझी तयारी नव्हती. नवा घ्यायला सतरा हजार पडतील असा फोन मला नऊ हजार दोनशे रुपयांना मिळाला. जेमतेम पाच महिने वापरलेला होता. खोका नव्हता, बिल नव्हते, चार्जरही दुसऱ्याच कंपनीचा होता. मी काही विचारले नाही. उलट दोनशे रुपये कमी करून घेतल्याचा आनंद घेऊन घरी आले.

पंधराच दिवसांत फोनची रेंज गेली. घरातल्या वायफायवर सगळे सुरळीत चालायचे, पण बाहेर पडले की फोन मुका. आधी वाटले सिम खराब झाले असेल, म्हणून नवे घेतले. मग दुसऱ्या कंपनीचे घालून पाहिले. दुकानदार म्हणाला, टॉवरचा प्रॉब्लेम असेल. आणखी आठ दिवसांनी एका पोलीस ठाण्यातून माझ्या नावाने फोन आला, कारण मुलगा अल्पवयीन असल्याने सिम माझ्या नावावर होते. "मॅडम, तुमच्या नंबरचं सिम चोरीच्या हँडसेटमध्ये लागलंय. फोन घेऊन या." बावीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे वाक्य ऐकून काय झाले असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

हे कसे घडते ते तेव्हा मला ठाऊक नव्हते, ते इथे सांगते. प्रत्येक हँडसेटला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. फोन चोरीला गेला की मूळ मालक पोलिसांत तक्रार करतो, तिची प्रत जोडून दूरसंचार विभागाच्या 'सीईआयआर' या यंत्रणेकडे अर्ज करतो, आणि साधारण चोवीस तासांत तो क्रमांक काळ्या यादीत जातो. मग भारतातल्या कोणत्याही कंपनीचे सिम घातले तरी नेटवर्क मिळत नाही, आणि कोणी सिम घालून पाहिले की त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. माझा माग असाच लागला. ही यंत्रणा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सर्वांत आधी महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' म्हणून देशभर गेली. म्हणजे मी फोन घेतला तेव्हा आपल्याकडे ती जवळपास चार वर्षांची जुनी होती. मला पत्ताच नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी तो शोधलाही नव्हता.

तपासणीला लागतो एक एसएमएस. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, मध्ये एक जागा सोडून पंधरा अंकी क्रमांक, आणि तो संदेश १४४२२ वर. उत्तरात फोनची कंपनी, मॉडेल आणि स्थिती येते. 'ब्लॅकलिस्टेड', 'डुप्लिकेट' किंवा 'ऑलरेडी इन यूज' असे आले तर फोन तिथेच ठेवायचा आणि निघायचे. 'डुप्लिकेट' हा प्रकार लहान समजू नका. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर चालणारे तेरा हजारांहून अधिक फोन सापडले होते. कंपनी किंवा मॉडेल हातातल्या फोनशी जुळत नसेल, अथवा खोक्यावरचा क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक वेगळा असेल, तरीही काढता पाय घ्यावा. क्रमांकात फेरफार करणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही ठेवले आहेत. असा फोन ओळखीच्या माणसाने दिला काय आणि दुकानदाराने दिला काय, आपण त्या भानगडीत का पडावे?

आता कोणी म्हणेल की सरकारच्या हाती एवढी माहिती का द्यायची. मान्य. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस 'संचार साथी'चे ॲप प्रत्येक फोनमध्ये आधीपासूनच घालण्याचा आदेश निघाला तेव्हा मीही इथेच तावातावाने लिहिले होते, आणि तो मागे घेतला गेला तेव्हा मला बरे वाटले होते. पण एसएमएस करायला ॲप लागत नाही, त्यामुळे या सबबीआड लपू नका.

पोलीस ठाण्यात त्या दिवशी मी तावातच गेले होते. माझे पैसे बुडाले, माझी फसवणूक झाली, माझी तक्रार घ्या, असे सगळे मनात जुळवून. तिथे बाकावर एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा बसला होता. घरोघरी पार्सले पोहोचवण्याचे काम करणारा. लोकलच्या दारात उभा असताना रुळाजवळ उभ्या असलेल्या कोणीतरी काठीचा फटका मारून त्याचा फोन पाडला होता, आणि मनगट मोडले होते. हाताला प्लास्टर घालून तो तीन आठवडे गावी जाऊन राहिला, परत आल्यावर आपल्या जुन्याच मोबाईल नंबरचे सिम काढले आणि मग अर्ज केला. तेवढ्या मधल्या काळात माझा मुलगा त्याच फोनवर क्रिकेट बघत होता. फोनचे हप्ते अजून चालू होते. नसलेल्या फोनचे हप्ते तो दर महिन्याला भरत होता, आणि फोन नाही म्हणून कामही मिळत नव्हते.

मी फोन टेबलावर ठेवला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि मला म्हणाला, "सॉरी मॅडम, तुम्हाला त्रास झाला."

मला! त्याने मला सॉरी म्हटले. माझे जुळवलेले भाषण तिथेच विरले.

हवालदारसाहेब सज्जन होते. माझा जबाब घेतला, दुकानाची चिठ्ठी ठेवून घेतली आणि सहज बोलावे तसे म्हणाले, "मॅडम, कायद्यात नुसतं 'ठाऊक असून' असं नाहीये, 'मानायला कारण असून' असंही आहे." चोरीचा माल घेण्याबद्दल तेव्हा भारतीय दंड संहितेचे ४११ कलम होते, आता भारतीय न्याय संहितेचे ३१७ आहे, पण शब्दांचा अर्थ तोच. मला कारण नव्हते का? सतराचा फोन नऊला, खोका नाही, बिल नाही, चार्जर तिसऱ्याचा. न विचारणे हा माझा भाबडेपणा नव्हता. उत्तर ऐकायचे नव्हते, म्हणून मी प्रश्न केला नाही.

आणि म्हणूनच मैत्रिणीवर रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे लिहिता लिहिता लक्षात येते आहे.

पण तुम्ही मला सांगा, माझ्या मित्रयादीतले तुम्ही सगळे भाजीवाल्याने दहा रुपये जास्त परत दिले तर जिन्यावरून खाली उतरून देऊन येणारी माणसे आहात. जुनी स्कूटर घेताना आरसी बुक मागता, तेव्हा समोरच्याला ती शिवी वाटत नाही. फ्लॅट घेताना वकिलाकडून सातबारापासून सगळे तपासून घेता. मग सात हजारांच्या फोनचे बिल मागताना आपली जीभ का अडखळते? आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला राग का यावा? दुकानदारांवरही आता बंधन आहे. २०२५ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वापरलेल्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्याने आयएमईआय आधी यादीत तपासायचा आहे. आजच्या त्या गृहस्थांनी तपासला होता की नाही, हे विचारण्याआधीच माझा दंड दाबला गेला.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. मी त्या जुलैमध्ये एसएमएस केला असता, तरी 'व्हॅलिड' असेच उत्तर आले असते, कारण त्या मुलाने तोवर अर्जच केला नव्हता. यादीत तेवढेच असते जेवढे कोणी कळवलेले असते. म्हणून एसएमएस पुरेसा नाही, मूळ बिल हवेच. त्यावरचा क्रमांक, विकणाऱ्याचे नाव आणि ओळखपत्र जुळले पाहिजे, आणि आपल्या पावतीवरही तो पंधरा अंकी क्रमांक लिहून घेतला पाहिजे. फोन हप्त्यावर घेतलेला असेल तर हप्ते फिटल्याचा कागद, आणि जुन्या मालकाचे गूगल वा ॲपलचे खाते आपल्यासमोर काढून टाकलेले. एवढे करून फोन हजार रुपये महाग पडला तर पडू द्यावा.

पोलीस ठाण्यातून परतताना मुलाने विचारले होते, "आई, मग आपले नऊ हजार?" ते परत मिळाले नाहीत. दुकानदाराने 'एक अनोळखी पोरगा देऊन गेला होता' एवढेच सांगितले. आणि मी पुन्हा त्या दुकानात भांडायला गेले नाही, कारण काय, तर वाईट दिसतं.

हे लिहीत असतानाच मैत्रिणीचा व्हॉट्सॲपवर संदेश आला. तिने घरी जाऊन एसएमएस केला होता. दोन्ही क्रमांक 'व्हॅलिड', मॉडेलही बरोबर. खाली एक हसरा चेहरा आणि 'बघ, उगाच घाबरवलंस.' मला खरोखरच हायसे वाटले, आणि तसे मी तिला कळवलेही. मग विचारले, "त्याच्याकडून बिल मागवून घेशील का उद्या?"

दोन निळ्या टिक्स आल्या आहेत. उत्तर अजून नाही.