किरणोपचारांचा आरंभ रेडियमपासून नव्हे

‘मेरी क्युरी यांनी रेडियम शोधले आणि त्यातूनच कर्करोगावरील किरणोपचार सुरू झाले’ असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत आहे. त्याचा पूर्वार्ध त्यांचे पती पिएर क्युरी यांचे नाव गाळून का होईना, खरा आहे, पण उत्तरार्ध तारखांशी जुळत नाही. रेडियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याच्या शोधाची घोषणा डिसेंबर १८९८ मधली. त्याआधीच, जुलै १८९६ मध्ये, फ्रान्समधील लियाँ येथे व्हिक्टर देस्पेन्य या डॉक्टरांनी जठराच्या कर्करोगाच्या रुग्णावर क्ष-किरणांचा प्रयोग केला होता. राँटगेन यांना ते किरण सापडून तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते.

रेडियमची पाळी नंतर आली, आणि तीही काहीशी अपघातानेच. १९०१ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लावणारे भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेकेरेल यांनी रेडियमची नळी वेस्टकोटाच्या खिशात बाळगली आणि काही दिवसांनी नेमक्या त्याच जागी कातडी भाजल्यासारखी लाल झाली. पिएर क्युरी यांनी तर मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम ठेवून तशी जखम करून घेतली. रेडियमचा कातडीवर परिणाम होतो हे यातून दिसले आणि त्यानंतरच पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयात त्वचारोगांवर रेडियम वापरले जाऊ लागले.

मेरी क्युरींचा खरा वाटा शोधायचा, तर तो पॅरिसच्या रेडियम संस्थेच्या उभारणीत आहे. किरणांची मात्रा एकदम न देता अनेक दिवसांत विभागून देण्याची, आजही पाळली जाणारी पद्धत तिथेच क्लोद रगो यांच्या विभागात आकाराला आली.