ओटा वाळेपर्यंत

आमचा ओटा कडप्प्याचा. सासूबाई लग्न होऊन अमळनेरला आल्या त्याच्या पुढच्याच वर्षी बसवलेला, म्हणजे वयाने माझ्या नवऱ्याहून मोठा आणि स्वभावाने तितकाच घट्ट. कडप्पा म्हणजे शेवटी चुनखडीच. लिंबू पिळताना थेंब पडला, चिंचेचा कोळ ओघळला, की पांढुरका डाग कायमचा. इतक्या वर्षांच्या लोणच्यांनी तिथे जगाचा नकाशा काढून ठेवला होता. गॅसखाली ऑस्ट्रेलियासुद्धा होता.

ग्रॅनाइटचं नाव काढलं की हे पेपर डोळ्यांसमोर धरतात. मग मोबाइलवर एक बाई दिसली. काळ्या ओट्यावर पांढरं इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवले की कडक होणारा लेप, ओतते, करड्या रेघा ओढते, तीन मिनिटांत संगमरवर! मला वाटलं, ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे तिचीच विप्रो झाली, त्या गावात कडप्प्याचा संगमरवर व्हायला काय हरकत आहे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद येणार होती. हातात दहा दिवस होते.

पहिले दोन घासण्यात गेले. ओटा हाताला गुळगुळीत लागतो तो दगडामुळे नव्हे, तेलामुळे, हे तेव्हा कळलं. भरताची फोडणी, शेवभाजीची तर्री, सगळं त्या दगडाने पिऊन ठेवलेलं. सोड्याने धुतला, ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासला, थिनरने पुसला. फडकं दर वेळी पिवळंच.

डब्यावर लिहिलं होतं : रेझिन दोन भाग, हार्डनर एक भाग, पंचवीस अंशाला चाळीस मिनिटं हाताशी. पंचवीस अंश! चैत्र-वैशाखात आमच्याकडे पंचवीस अंश फक्त फ्रिजमध्ये असतात, तेही लाइट जाऊन बराच वेळ झाल्यावर. तापमान दहा अंशांनी वाढलं की असल्या रसायनांचा वेग साधारण दुप्पट होतो. वर इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि एका भांड्यात जितकं जास्त तितकं जास्त. म्हणून ते कालवल्याबरोबर ओतून पातळ पसरायचं असतं. मी सकाळी अकराला सगळा माल एकाच मगात कालवला आणि बेल वाजली म्हणून दारात गेले. शेजारच्या काकूंना उडदाचे पापड लाटायला बायका हव्या होत्या. असल्या विषयावर दोन मिनिटांत कोण बोलतं?

परत आले तर मगातला माल धुमसत होता. ढवळायची काडी झेंड्यासारखी उभी, उपटून निघेना. तो गोळा अजून गच्चीवर आहे. कुरडयांखालचा प्लास्टिकचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यासारखं वजन नाही.

दुसरा डबा पहाटे चारला उघडला. धूळ बसू नये म्हणून पंखा बंद, कूलर बंद. थोडं थोडं कालवायचं, लगेच पुट्टीच्या पट्टीने पसरायचं. घाम आपलाच ओट्यावर टपकू नये म्हणून कपाळाला पंचा बांधला. रेघा छान जमल्या होत्या. तेवढ्यात हे बुडबुडे घालवायला हेअर ड्रायर घेऊन आले, आणि माझ्या सगळ्या रेघा बोरीला पूर आल्यासारख्या सिंककडे वाहत गेल्या.

सहाला सासूबाई उठल्या. ओट्याकडे बघत म्हणाल्या, "दूध फाटनं का व माय?" मग उकडतं म्हणून त्यांनी कूलर लावला. मी आंघोळीला होते. ओलसर हवा लागली की न वाळलेल्या इपॉक्सीवर तेलकट, पांढुरकी साय धरते. ती दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्याने निघाली. मधोमध चिकटलेलं चिलट निघालं नाही. ते आता घरचंच.

ओटा दिवसभरात हाताला कोरडा लागतो, पण पुरता घट्ट व्हायला सात दिवस. तोवर स्वयंपाक अंगणात, चुलीवर. एवढ्या खूश सासूबाई मी लग्नानंतर पाहिल्या नव्हत्या. कळण्याच्या भाकरी, फौजदारी डाळ, मिरच्यांचा ठेचा. ह्यांचं वजन वाढलं आणि ओटा कधी होणार हे विचारणं त्यांनी सोडूनच दिलं.

नणंद सहाव्या दिवशी आली. "वहिनी, काय सुंदर केलंय गं!" म्हणाली, आणि कौतुकाच्या भरात हातातलं उकळत्या रशीचं पातेलं तिथेच टेकवलं. उचललं तेव्हा खाली पौर्णिमा उमटली होती. इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. मी हे तिला सांगायला तोंड उघडलंच होतं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. न्हाणीमागे गेल्या, ओटा बसवला तेव्हाचा उरलेला कडप्प्याचा तुकडा शोधून आणला, घासला, धुतला आणि माझ्या संगमरवरावर नेमका त्या पौर्णिमेवर ठेवला.

"आते ठेव पातेलं," म्हणाल्या.